ईयूएस बायोप्सी: सुई २२ ची की २५ ची? जाड सुई घेतली की निकाल नक्की येतो का?

रानजाई
नमस्कार मंडळी. बाबांसाठी (वय ६७, सांगली) विचारते आहे. थोडं सविस्तर लिहिते.

महिन्यापूर्वी बाबांना कावीळ झाली. अंगभर खाज, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका. सुरुवातीचे आठ दिवस झाडपाल्याच्या औषधात गेले. मग सीटी स्कॅन केला, त्यात स्वादुपिंडाच्या डोक्याशी २.८ सेंटिमीटरची गाठ दिसली. गाठ तिथल्या मोठ्या शिरेला टेकलेली आहे, म्हणून सर्जन म्हणाले, आधी केमो देऊ, मग ऑपरेशनचं बघू. पण केमो सुरू करायची तर गाठ कशाची आहे ते कागदावर हवं. त्यासाठी तोंडातून दुर्बीण घालून, सोनोग्राफीत बघत सुईने तुकडा घेतला (ईयूएस). चार दिवसांनी रिपोर्ट आला: "काही पेशी संशयास्पद, नमुना अपुरा, निश्चित निदान शक्य नाही." कागदावर लिहिलंय: २५ गेज (सुईची जाडी), एफएनए (सुईचा प्रकार), दोन पास (गाठीत सुई दोनदा घातली).

आता दुसऱ्या हॉस्पिटलात पुन्हा करायला सांगितलंय. ते २२ गेजची एफएनबी सुई वापरणार म्हणतात. माझे प्रश्न:

पहिल्या वेळी बारीक सुई वापरली ही चूक होती का? जाड सुईने बाबांना धोका वाढेल का? आणि १९ गेजची याहून जाड सुई असते असं वाचलं, मग सरळ तीच का मागू नये? पुन्हा "अपुरा" असा रिपोर्ट आला तर आणखी पंधरा दिवस जातील, ही भीती आहे.

मधुमालती
रानजाई, बाबांना लवकर आराम पडो. मला एक कळलं नाही गं. २५ हा आकडा मोठा, मग २२ ची सुई जाड कशी?

पागोळी
मधुमालतीताई, विणकामाच्या सुया आठवा. ८ नंबरची जाड, १२ नंबरची बारीक. इथेही तसंच, गेज वाढला की सुई बारीक. मी एंडोस्कोपी युनिटमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे, रोज या सुया हाताळते. १९ गेज बाहेरून साधारण १.१ मिलिमीटर, २२ गेज ०.७ आणि २५ गेज ०.५. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण २२ च्या तोंडाचं क्षेत्रफळ २५ च्या जवळजवळ दुप्पट भरतं.

रानजाई, एक तातडीचं. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेतात का? त्या हॉस्पिटलने विचारलं नसेल तर तुम्ही आपणहून सांगा.

अवलिया_१९
माझं साधं मत: एकदाच जाड सुई घ्या आणि विषय संपवा. माणसाला दोनदा भूल देण्यापेक्षा पहिल्याच वेळी भरपूर तुकडा घेतलेला बरा. बारीक सुई वापरून "अपुरा" म्हणायचं आणि पुन्हा बिल करायचं, यात पेशंट भरडला जातो.

दुर्बीणवाला
मी गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट आहे, ईयूएस करतो. अवलिया, तुमचा राग समजतो, पण गणित इतकं सरळ नाही.

गाठ कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. स्वादुपिंडाचं शरीर आणि शेपूट जठरातून दिसतं, तिथे दुर्बीण बरीचशी सरळ असते आणि कुठलीही सुई सहज जाते. डोक्याची गाठ मात्र लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणातून, म्हणजे ड्युओडेनममधून गाठावी लागते. तिथे दुर्बीण चांगलीच वाकलेली असते. १९ गेजची सुई ताठ. त्या वळणातून ती बाहेरच यायला मागत नाही, जोर लावला तर दुर्बिणीचं टोक जागेवरून सरकतं आणि समोरचं चित्र जातं. २५ ची सुई लवचिक, ती वळते. डोक्याच्या गाठीला अनेक जण २५ उचलतात त्याचं हे कारण. रानजाई, तुमच्या पहिल्या डॉक्टरांची ती निवड चूक म्हणता येणार नाही.

आणि बारीक सुईचा निकाल कमी असतो असंही नाही. २०१३ मध्ये आठ अभ्यास एकत्र करून स्वादुपिंडाच्या गाठींचा हिशेब मांडला गेला. त्यात एफएनएसाठी २५ गेजने कॅन्सर पकडण्याचं प्रमाण ९३ टक्के आणि २२ गेजने ८५ टक्के निघालं. युरोपच्या एंडोस्कोपी संघटनेनेही २०१७ मध्ये नेहमीच्या कामासाठी २२ आणि २५ दोन्ही सारख्याच मानल्या.

म्हणून माझं म्हणणं असं की आकड्यापेक्षा सुईच्या टोकाचा प्रकार विचारा. एफएनए म्हणजे साधी तिरकी कापलेली सुई, ती पेशी खरवडून ओढते. एफएनबीच्या सुईला टोकाशी धार असते. फ्रान्सीन प्रकारात मुकुटासारखी तीन टोकं, दुसऱ्यात काट्यासारखी दुहेरी टोकं. ही सुई मांसाचा अखंड धागा कापून आणते. अमेरिकेतल्या एएसजीई संघटनेचं २०२४ चं मार्गदर्शन स्वादुपिंडाच्या घट्ट गाठींसाठी एफएनएपेक्षा एफएनबीला झुकतं माप देतं. तुमच्या बाबांना दुसऱ्या वेळी २२ ची एफएनबी सुचवली आहे, मीही तीच सुचवली असती.

काचपट्टी
मी सुईच्या दुसऱ्या टोकाला बसते, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. दुर्बीणवाला डॉक्टरांशी बरीचशी सहमत, पण एक बाजू राहिली.

जाड सुई म्हणजे जास्त पेशी, हे काचेवर दर वेळी खरं ठरत नाही. स्वादुपिंडाच्या गाठी रक्ताळ असल्या तर जाड सुईत आणि जोराच्या सक्शनमध्ये रक्तच भरतं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींचा समुद्र, त्यात कामाच्या पेशी शोधायच्या. याउलट बारीक सुईचा स्वच्छ नमुना, पातळ पसरलेला, वेळेत फिक्स केलेला, तो बघून मी दहा मिनिटांत सांगू शकते. माझ्याकडे आलेल्या "अपुऱ्या" नमुन्यांत कितीतरी वेळा स्लाइड जाड पसरलेली असते किंवा हवेत वाळून खराब झालेली असते.

रानजाई, तुमच्या बाबांच्या कागदावर मला २५ पेक्षा "दोन पास" जास्त खटकतं. नमुना काढल्याबरोबर तिथेच तपासणारा पॅथॉलॉजिस्ट हजर असेल, ज्या सोयीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रोज' (ROSE) म्हणतात, तर दोन पास पुरतात, कारण तो "झालं, थांबा" सांगतो. तो नसेल तर एफएनएला ३ ते ४ पास आणि एफएनबीला २ ते ३ पास हवेत. त्या दिवशी 'रोज' (ROSE) होतं का?

रानजाई
पागोळीताई, बाबांची चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही चालू आहेत! नव्या हॉस्पिटलात फक्त "बीपीच्या गोळ्या" असं सांगितलं गेलं होतं. आत्ताच फोन करते.

काचपट्टीताई, 'रोज' (ROSE) नव्हतं. स्लाइड कुरिअरने बाहेर गेल्या होत्या.

पागोळी
फोन करा आणि कार्डिऑलॉजिस्टलाही विचारा, स्वतःहून काहीही बंद करू नका. सहसा अ‍ॅस्पिरिन चालू ठेवतात आणि क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट असलेल्या माणसाचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

सह्यकडा
मी स्वतः यातून दोनदा गेलोय, म्हणून पेशंटच्या बाजूने सांगतो. माझी गाठ शेपटाजवळ होती, पाण्याची, म्हणजे सिस्ट. पहिल्यांदा २५ ने ओढायचा प्रयत्न झाला, आतला द्राव चिकट, सुईत चढेचना. दुसऱ्यांदा १९ ने सगळं बाहेर आलं. द्रावातला सीईए (एक ट्यूमर मार्कर) आणि साखर तपासली, निदान झालं. म्हणजे घट्ट गाठ वेगळी आणि सिस्ट वेगळी, एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

त्रास म्हणाल तर सहा तास उपाशी, शिरेतून भूल, जाग आली तेव्हा काम झालेलं. दोन दिवस घसा खवखवला, पोटात गॅस धरला होता. सुई १९ ची होती की २५ ची, ते मला तरी जाणवलं नाही.

अवलिया_१९
काचपट्टीताई, दोन पासचा मुद्दा पटला. "जाड घ्या आणि विषय संपवा" हे माझं वाक्य मागे घेतो. पण मग हे पेशंटच्या नातेवाइकाला आधी कोण सांगणार? आम्हाला "बायोप्सी झाली" एवढंच कळतं.

नर्मदातीर
इंदूरहून लिहितोय. एक भीती आमच्या घरात होती, इथेही कोणाच्या मनात असेल. आत्या म्हणायची, "गाठीला सुई लागली की ती खवळते आणि पसरते." तिच्या या हट्टापायी काकांच्या बायोप्सीला तीन आठवडे उशीर झाला. यात तथ्य किती आहे?

दुर्बीणवाला
नर्मदातीर, चांगलं विचारलंत. सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याच्या नोंदी आहेत, पण त्या फार थोड्या, आणि बहुतेक शरीर-शेपटाच्या गाठींच्या, जिथे सुई जठराच्या भिंतीतून जाते. डोक्याच्या गाठीत सुई ज्या ड्युओडेनममधून जाते तो भाग ऑपरेशनमध्ये (व्हिपल) गाठीबरोबरच काढला जातो. ज्याची गाठ थेट काढता येण्याजोगी आहे आणि चित्र स्पष्ट आहे, त्याला अनेकदा बायोप्सीविनाच ऑपरेशन करतात. पण आधी केमो द्यायची असेल तर तुकडा लागतोच. तीन आठवडे घालवण्यात जो धोका आहे तो सुईच्या धोक्यापेक्षा खूप मोठा.

रानजाई, तुमचा दुसरा प्रश्न धोक्याचा होता. सगळे त्रास धरून शंभरात साधारण एकाला काही ना काही होतं: स्वादुपिंडाला सूज, रक्तस्राव, ताप. २२ आणि २५ मध्ये यात सांगण्यासारखा फरक दिसलेला नाही. घरी गेल्यावर पोटातून पाठीत जाणारी कळ, सारखी उलटी, ताप किंवा काळी शौच, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच जा.

मधुमालती
बाहेरून, पोटातून सुई घालून नाही का होत? आमच्या यजमानांची यकृताची तशीच केली होती. दुर्बिणीचा खटाटोप वाचला असता.

दुर्बीणवाला
होते काकू, यकृतासाठी ती छानच. स्वादुपिंड मात्र पार मागे, पाठीच्या कण्याजवळ दडलेलं. बाहेरून जाताना वाटेत आतडी, शिरा येतात. जठर-आतड्याच्या आतून ते अगदी भिंतीला लागून असतं, अर्ध्या-एक सेंटिमीटरवरून सुई मारता येते. स्वादुपिंडाची पहिली ईयूएस-एफएनए डेन्मार्कमध्ये पीटर व्हिलमन यांनी १९९२ मध्ये नोंदवली. तेव्हापासून वाट हीच, सुया बदलत गेल्या.

कृष्णाकाठ
रानजाई, मीही तुमच्याच भागातला, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझ्या धाकट्या भावाला गेल्या वर्षी अशीच कावीळ. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ गाठींचा पुंजका. आम्ही सगळे कॅन्सर धरूनच चाललो होतो. वहिनीने तर जेवण सोडलं होतं. ईयूएस करणाऱ्या डॉक्टरांनी २२ च्या सुईने तीन पास घेतले, त्यातला एक फॉर्मॅलिनच्या बाटलीत, एक स्लाइडवर आणि एक साध्या सलाइनमध्ये ठेवला. मी विचारलं, हा वेगळा का? म्हणाले, "टीबीची शंका आहे, फॉर्मॅलिनमध्ये घातलं की जंतू मरतात, कल्चर होत नाही." सलाइनमधल्या नमुन्याच्या सीबीनॅटमध्ये (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, आता उसाच्या फडात पूर्वीसारखा राबतो.

प्रत्येकाला टीबीच निघेल असं मी म्हणत नाही. पण अशा लिंफ नोड (लसिका गाठी) असतील तर सुई जाण्याआधीच सांगा, "एक नमुना सलाइनमध्ये ठेवा."

काचपट्टी
कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. याला जोडून: कशासाठी किती मांस लागतं हे आधी ठरलं तर सुई आपोआप ठरते. नेहमीचा स्वादुपिंडाचा कॅन्सर ओळखायला थोड्या पेशी पुरतात. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची) गाठ असेल तर केआय-६७, म्हणजे पेशी किती वेगाने वाढतात ते, मोजायला जास्त पेशी हव्यात. जठराच्या भिंतीतली जीआयएसटी नावाची गाठ असेल तर सीडी ११७, डॉग-१ असे रंग करावे लागतात. लिंफोमा किंवा ऑटोइम्यून पॅन्क्रिअ‍ॅटायटिसची (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडाला येणारी सूज) शंका असेल तर पेशींची मांडणी बघावी लागते, सुट्या पेशी बघून ती कळत नाही. अशा ठिकाणी २२ ची एफएनबी, आणि दुर्बीण सरळ असेल तर १९ चीसुद्धा, योग्य.

ऑटोइम्यूनचं मुद्दाम लिहिते, कारण ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते आणि स्टेरॉइडने विरघळते. रानजाई, बाबांचं आयजीजी-४ (या आजारासाठीची रक्ताची चाचणी) तपासलंय का? आणि सीए १९-९ (रक्तातला कॅन्सर मार्कर) च्या आकड्याने घाबरून जाऊ नका, नुसत्या काविळीनेही तो वाढतो.

पागोळी
ज्या हॉस्पिटलात 'रोज'ची (ROSE) सोय नाही तिथे काय करायचं, ते लिहिते. आमच्याकडेही पॅथॉलॉजिस्ट दरवेळी हजर नसतो.

सुई बाहेर आली की मी आतली तार हळूहळू पुढे सारून नमुना काचेवर उतरवते. एफएनबीचा चांगला नमुना लगेच ओळखू येतो. रक्ताच्या लालसर थेंबात पांढरट-पिवळट धागा पडतो, शिजलेल्या शेवईच्या तुकड्यासारखा. मी सुईच्या टोकाने तो रक्तातून बाजूला करते आणि पट्टीला लावून बघते. जपानी डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं की असा धागा ४ मिलिमीटर किंवा जास्त भरला तर निदान होण्याची शक्यता चांगली. नुसत्या गुठळ्या दिसल्या तर डॉक्टरांना सांगते, सर, अजून एक घेऊ या.

सुई आत असताना डॉक्टर ती एकाच रेषेत मागेपुढे करत नाहीत, हातपंखा उघडावा तशी गाठीत वेगवेगळ्या दिशांना फिरवतात. गाठीचा मधला भाग मेलेला असू शकतो, कडेला जिवंत पेशी मिळतात. सक्शन द्यायचं की तार सावकाश ओढायची, हे गाठीच्या रक्ताळपणावर ठरतं.

आणि ही सुई एकदाच वापरायची असते. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मी नोकरी सोडली त्याचं कारण धुतलेल्या सुया होते. धार बोथट, आत जुन्या पेशी अडकलेल्या असू शकतात, जंतुसंसर्ग वेगळाच. बिलात सुईची किंमत लावली असेल तर नवं पाकीट तुमच्यासमोर दाखवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

अवलिया_१९
पागोळीताई, पाकिटाचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हा प्रतिसाद मी घरच्या ग्रुपवर पाठवतोय.

नर्मदातीर
+१. "शेवईच्या तुकड्यासारखा" हे आता विसरणार नाही.

सह्यकडा
रानजाई, डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: नमुना तिथे कोण बघणार, किती पास घेणार, सगळं फॉर्मॅलिनमध्ये जाणार की काही वेगळं ठेवणार, आणि ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) आम्हाला मिळेल का. मी हे विचारलं तेव्हा डॉक्टर चिडले नाहीत, उलट खुर्ची ओढून बसले आणि कागदावर चित्र काढून समजावलं.

रानजाई
(अकरा दिवसांनी)
तुम्हा सगळ्यांना आधी सांगायचं म्हणून लॅपटॉप उघडला.

कार्डिऑलॉजिस्टने क्लोपिडोग्रेल सात दिवस थांबवायला सांगितली, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवली. त्यामुळे तारीख आठवडाभर पुढे गेली. तो आठवडा फार जड गेला. आयजीजी-४ केलं, नॉर्मल आलं.

परवा झाली ईयूएस. मी सह्यकडांचे चारही प्रश्न वहीत लिहून नेले होते. डॉक्टर म्हणाले, पॅथॉलॉजिस्ट इथे नाही, पण धागा आम्ही डोळ्यांनी तपासतो, तीन पास घेऊ. १९ गेजचं विचारलं तर दुर्बीणवाला डॉक्टरांनी सांगितलं तेच त्यांनीही सांगितलं, वळणात ती जाणार नाही. सुईचं पाकीट मागितलं नव्हतं, तरी सिस्टरने आत नेण्याआधी सीलबंद दाखवलं, २२ गेज लिहिलेलं. नंतर त्यांनी मला बाटली दाखवली. फॉर्मॅलिनच्या तळाशी दोन पांढरे धागे आणि एक तुटका. पागोळीताई, तुमचं वर्णन वाचलं नसतं तर मला ते काय आहे कळलंच नसतं.

आज रिपोर्ट आला. अ‍ॅडिनोकार्सिनोमा. म्हणजे आपल्याला जी भीती होती तेच. पण नाव कळलं. बाबांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, आता औषध तरी सुरू होईल." सोमवारी पहिली केमो.

मधुमालती
रानजाई, तुझ्या बाबांचं काळीज मोठं आहे गं. तुझंही.

काचपट्टी
रानजाई, वाचून वाईट वाटलं, पण नमुना भक्कम आहे हे तुमच्या पुढच्या कामाचं. ब्लॉक ताब्यात घ्या. पुढे जनुकीय तपासणी लागली किंवा परळला टाटात दुसरं मत घ्यायचं ठरलं तर तोच ब्लॉक आणि स्लाइड लागतील, बाबांना पुन्हा सुई टोचावी लागणार नाही. बीआरसीएची (वंशाने येऊ शकणारा जनुकदोष) तपासणी मात्र रक्तावर होते, ऑन्कोलॉजिस्टला आत्ताच विचारा, कारण तिचा तुमच्याशी आणि भावंडांशीही संबंध आहे. आणि ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण असतं ते.

सह्यकडा
जेवण अंगी लागत नसेल, शौच तेलकट होत असेल तर एन्झाइमच्या कॅप्सूल विचारा. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, जेवण झाल्यावर नाही. हे मला तीन महिने कोणी सांगितलं नव्हतं.

रानजाई
कॅप्सूलचं लिहून ठेवलं, सोमवारी विचारते. बीआरसीएचंही. ब्लॉक आणि सहा स्लाइड मिळाल्या. देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवल्या आहेत, तिथे दिवसभर ऊन येत नाही.